शेवरोलेटमधला ट सायलेंट

१८ सप्टेंबर २०२४, बुधवार. सकाळी ६.१०

आजपासून रोजनिशी. पुस्तक लिहायचं ठरल्यामुळे नोंदी हव्यात.

पुस्तकाचं नाव पक्कं : 'शेवरोले : इतिहास आणि मालकांचे अनुभव, कोल्हापूर जिल्हा.' इथे सगळे शेवरोलेट म्हणतात. ट सायलेंट आहे. तेरा वर्षं शोरूमला सेल्स मॅनेजर होतो, तेरा वर्षं हेच सांगितलं. पहिल्या पानावर ठळक अक्षरात टाकणे.

कंपनीने २०१७ साली भारतात गाड्या विकणं थांबवलं आणि आमचं शोरूम बंद झालं. तिथे आता फरशांचं दुकान आहे. पण शोरूम बंद झालं म्हणून गिऱ्हाईक थोडंच बंद होतं? डिलिव्हरी रजिस्टर माझ्याकडे आहे. ४१२ नावं. ज्या तारखेला ज्याची गाडी शोरूमबाहेर पडली, त्या तारखेला त्याला माझा फोन जातो. सात वर्षांत एक तारीख चुकलेली नाही. लोकांना सवय झालीय. मी थांबलो तर त्यांना चुकल्या-चुकल्यासारखं होईल.

आज तीन फोन. एक लागला नाही. एकाने उचलून ठेवला. एकाने "कोण निगवेकर?" विचारलं. एकंदर प्रतिसाद चांगला.

संकल्प : १. रोज दोन पानं. २. चहात साखर बंद. ३. लीला यायच्या आत स्वयंपाकघर नीट लावणे.

लीला पुण्याला आमच्या मुलीकडे, स्नेहलकडे आहे. तात्पुरती.

२१ सप्टेंबर, शनिवार

मोठी कल्पना सुचली. शेवरोले कंपनी स्थापन झाली ३ नोव्हेंबर १९११ रोजी. यंदा ३ नोव्हेंबरला रविवार! जिल्ह्यातल्या सर्व मालकांचा स्नेहमेळावा घ्यायचा. सोसायटीचा हॉल, सकाळी दहा, कटवडा आणि चहा, मग अनुभवकथन. अध्यक्ष मी. दुसरं कोण होणार?

इतिहासाचं पहिलं प्रकरण सुरू. कंपनी दोघांनी काढली. एक लुई शेवरोले, रेसर. दुसरा विल्यम ड्युरंट, व्यवहारी माणूस. तीन वर्षंही पटलं नाही. लुई बाहेर पडला, पण नाव तिथेच राहिलं. गाड्यांवर त्याचं नाव आणि तो भलतीकडेच. यावर बराच वेळ विचार केला. तेवढ्यात भाकरी करपली.

चहात अर्धाच चमचा साखर.

२५ सप्टेंबर, बुधवार

पहिली मुलाखत. माझ्या शेवरोले ऑप्ट्रातून कुरुंदवाड. २०१२ची बीट गाडी, मूळ मालक वारले, मुलगा राजवीर भेटला. शेती आणि खतांचं दुकान. म्हणाला, "काका, गाडी २०१९च्या महापुरात छपरापत्तूर पाण्यात हुती. नंतर काढूनच टाकली की."

नोंद : महापुरातही गाडी जागेवरून हलली नाही.

मेळाव्याला ये म्हटलं. बघतो म्हणाला. म्हणजे येणार.

परत येताना हातकणंगल्याजवळ ऑप्ट्राचा क्लच गेला. सोळा वर्षं टिकला, हीच खरी बातमी. बंडू मेस्त्री टोचन लावून घेऊन गेला. म्हणाला, "पार्ट शोधायला लागंल सायब. आणि खरं सांगू का, इकून टाका आता." बंडूच्या हाताला गुण आहे, दृष्टी नाही.

तोवर एसटीने फिरणार. अध्यक्षाने लोकांत मिसळलेलं बरं असतं.

३० सप्टेंबर, सोमवार

स्नेहलचा फोन. दिवाळीला पुण्याला या म्हणाली. मेळाव्याचं सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, गेल्या दिवाळीलाही तुम्हाला काहीतरी होतं." गेल्या दिवाळीला एका तवेराचा दहावा वाढदिवस होता. ते काय माझ्या हातात होतं?

आई काय म्हणते, विचारलं. स्नेहल म्हणाली, "आईला काही म्हणायचं नाही."

म्हणजे लीलाची हरकत नाही. बरं झालं.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत गेलो होतो. विश्वजित, क्रूझवाला, तिथल्या एका कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर आहे. गेटवर पन्नास मिनिटं बसलो. मग तो स्वतः बाहेर आला. माणूस जोडलेला असला की असं होतं.

म्हणाला, "निगवेकर, क्रूझ जाऊन पाच वर्षं झाली. मी तुम्हाला फोनवर ब्लॉक केलंय, तरी माझ्या नव्या नंबरवर फोन येतोच. हा नंबर दिला कुणी?" मी म्हणालो, पूर्वीचा लागत नव्हता म्हणून तुमच्या घरून घेतला. तो हसला नाही. म्हणाला, "काका, तुम्हाला घरी कुणी नाही का हो?"

चौकशी आपुलकीची होती. अनुभव मात्र सांगितला नाही. कामात होता.

९ ऑक्टोबर, बुधवार

शाहूवाडी. भाताची खाचरं पिवळी व्हायला लागलीत. एसटी, मग दोन किलोमीटर पायी. सयाजी भेटला. तवेरा, २००९. गाडी अजून आहे! रजिस्टरमधली पहिलीच, जी मालकाकडेच आहे. आनंदाने भरून आलं.

शेडमध्ये गेलो. आत कोंबड्या. मधल्या सीटवर सात, मागे पिल्लं, स्टेअरिंगवर कोंबडा. सयाजी म्हणाला, "मुंगूस शिरत न्हाय आत. काचा लावल्या की काम झालं. लई ब्येस गाडी हाय पावणं."

नोंद : आसनक्षमता आणि सुरक्षा, मालक समाधानी.

येणार का विचारलं. म्हणाला, "येतो की. पर कशात बसून येऊ? ह्यात तर अंडी हायती."

१६ ऑक्टोबर, बुधवार

कसबा बावडा. पिराजीरावांची पांढरी स्पार्क, २०१०. पिराजीराव तीन वर्षांपूर्वी गेले. चिमणाबाई एकट्या असतात, मुलगा दुबईत. गाडी दारात उभी. हवा गेलेली, पण धुतलेली. रोज पुसतात म्हणे.

मी वही काढली. म्हटलं, मालकाचा अनुभव सांगा. त्या म्हणाल्या, "मालक ते हुते. मी मागं बसायची."

मग आपणहून सांगत गेल्या. पुढच्या सीटवर सासूबाई बसायच्या. जोतिबाला, नरसोबावाडीला, दवाखान्यात, कुठंही. सासूबाई गेल्यावर पहिल्यांदा पुढं बसल्या. "पुढनं रस्ता लई मोठा दिसतो हो. मला ठावंच नव्हतं. अकरा म्हैने बसली. मग ह्येच गेले."

मी लिहिलं नाही. वही मांडीवरच राहिली.

म्हणाल्या, "तुमचा फोन येतो तवा बरं वाटतं. ह्यांचं नाव घिऊन फोन करणारं आता कोण न्हाय." मग विचारलं, "तुमच्या घरात कोण?" मी म्हटलं, मिसेस मुलीकडे आहेत, पुण्याला, तात्पुरत्या. "किती दिस झालं?" म्हटलं, पावणेदोन वर्षं.

त्या उठल्या. आत जाऊन चिवड्याचा पुडा बांधून आणला.

घरी आल्यावर दोन चमचे साखर घातली. आजचा दिवस अपवाद.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

व्हॉट्सॲप ग्रुप काढला. सकाळी १३८ सदस्य. दुपारी ४१. संध्याकाळी ९. ज्यांना मनापासून रस आहे तेच राहिले. मोठ्या कामाला असाच गट लागतो. नवातले दोन माझेच नंबर.

इतिहासाचं दुसरं प्रकरण : कंपनीने १९२८ साली मुंबईत गाड्या जोडायला सुरुवात केली. १९५४ साली बंद. शेवरोले २००३ साली परत आली. २०१७ साली पुन्हा गेली. याचा अर्थ सरळ आहे. जाणं कायमचं नसतं. मधलं अंतर एकोणपन्नास वर्षांचं. त्या हिशेबाने पुढचं पुनरागमन २०६६. तब्येत सांभाळायला हवी.

कटवड्यांची ऑर्डर दिली. साठ.

२ नोव्हेंबर, शनिवार. पाडवा

सकाळी एकट्यानेच उटणं लावलं. पाठीला पोचत नाही. पाठ तशी स्वच्छच असते.

पाडव्याला लीला ओवाळते. गेल्या वर्षी व्हिडिओ कॉलवर ओवाळलं होतं. यंदा फोन आला नाही. नेटवर्क असणार. मीच केला. स्नेहलने उचलला. आई बाहेर गेलीय म्हणाली. पाडव्याला? एकटी? कुठे? "येईल," एवढंच म्हणाली.

हॉलची किल्ली घ्यायला गेलो. सोसायटीचे सेक्रेटरी गणपतराव म्हणाले, "निगवेकर, उद्या भाऊबीज. उद्या कोण कुत्रं येणार नाही तुमच्या मेळाव्याला."

कॅलेंडर पाहिलं. खरंच भाऊबीज. ३ तारीख पाहिली, रविवार पाहिला, नेमकं तेवढंच पाहिलं नाही.

शांतपणे विचार केला. भाऊ-बहिणी एकत्रच असणार. मालक बहिणींना घेऊन येतील. संख्या दुप्पट. साठ कटवडे कमी पडणार.

३ नोव्हेंबर, रविवार. मेळावा

९.४५. खुर्च्या लावल्या, पन्नास. बॅनर लागला. बॅनरवाल्याने शेवरोलेट छापलंय. ट वर चिकटपट्टी लावली.

१०.३०. कुणी नाही. भाऊबीजेचं ओवाळणं असतं सकाळी.

११.१५. कटवडे आले. तिखट कट वेगळा, बादलीत.

११.५०. पहिले सदस्य! तरुण, टेम्पो घेऊन आलेले. नाव आदर्श, शिरोलीचे. हार घातला. कुठलं मॉडेल विचारलं. म्हणाले, "माझी न्हाय ओ गाडी. भंगारचा धंदा हाय आपला. तुमचा मेसेज फिरत फिरत आमच्या ग्रुपवर आला, म्हटलं ह्या गाड्या समद्या एका जागी घावतील." त्यांनी आजूबाजूला पाहिलं. "बाकीची कुठं हायती?"

मी म्हटलं, वाटेत आहेत. ते बसले. चार वडे खाल्ले. हार गळ्यातच होता.

१.०५. रिक्षातून चिमणाबाई! भावाला सकाळीच ओवाळून आल्या. नवं लुगडं. एकदम पुढच्या खुर्चीवर बसल्या. मी माईक हातात घेतला. सभागृहात दोन. कंपनीचा इतिहास सुरू केला. लुई शेवरोलेपर्यंत आलो होतो तेव्हा चिमणाबाई आदर्शना हळूच विचारत होत्या, "तुम्ही न्हेता व्हय जुन्या गाड्या?"

माईक खाली ठेवला.

त्या म्हणाल्या, "सायब, रागावू नगा. पोरगं येत न्हाय, मला चालवाय येत न्हाय. रोज पुसायची आन् रोज रडायचं. किती दिस?" आदर्श म्हणाले, "मावशी, आत्ताच बघून येतो की. चला, टेम्पोत पुढं बसा." त्या माझ्याकडे बघत होत्या. मी हो म्हणावं म्हणून. मी हो म्हणालो. हे सांगायला मी कोण, तरी म्हणालो.

टेम्पो गेला. बाईंनी पुढून हात केला.

४.००. छप्पन्न वडे वॉचमनच्या आणि झाडूवाल्यांच्या घरी दिले. खुर्च्या आवरल्या. रजिस्टरमध्ये पिराजीरावांच्या नावापुढे काय लिहावं ते सुचलं नाही.

सारांश : पहिल्याच वर्षी शेवरोलेच्या मालकांपैकी ज्यांची

उरलेलं उद्या.

५ नोव्हेंबर, मंगळवार. पुणे

काल काही लिहिलं नाही. आज सकाळच्या एसटीने निघालो. कुणाला कळवलं नव्हतं, साताऱ्याच्या पुढे कळवलं.

स्वारगेटला जावई येतील असं वाटलं होतं. लीला आली. गाडी चालवत. एकटी.

मी मागचं दार उघडलं. ती म्हणाली, "अहो, पुढं बसा."

ऑगस्टमध्ये शिकली म्हणे. लायसन्स आहे. एका पाळणाघरात नोकरी लागलीय, तिकडे रोज हीच गाडी घेऊन जाते. पाडव्याला तिथल्या बायकांना घेऊन सिंहगडावर गेली होती. घाटात. गाडी दुसऱ्या कंपनीची, नाव इथे लिहीत नाही.

मी म्हणालो, मला सांगायचंस, मी शिकवलं असतं. ती गिअर बदलत म्हणाली, "किती वेळा सांगितलं. तुम्ही गिऱ्हाइकांच्या बायकांना ग्राउंडवर नेऊन शिकवायचात. मी म्हटलं की म्हणायचात, डेमो कार आहे, घरच्यांना देता येत नाही." आवाज चढलेला नव्हता. मी सीटबेल्ट पुन्हा एकदा तपासला.

सिग्नलला थांबल्यावर विचारलं, परत कधी येतेस? ती म्हणाली, "मी नाही येणार आता. इथं बरं चाललंय माझं." नंतर म्हणाली, "तुम्हाला यायचं तर या. स्नेहलशी बोललेय मी. पण ते फोन बंद करून या. मला तुम्ही हवे आहात, चारशे बारा माणसं नकोत."

आकडा तिच्या लक्षात होता.

मी म्हणालो, विचार करतो.

६ नोव्हेंबर, बुधवार. सकाळी ११.२०. कोल्हापूर एसटीत

ती म्हणाली होती आणखी दोन दिवस थांबा. मी म्हटलं, सात तारखेला दोन डिलिव्हऱ्या आहेत. म्हणजे फोन आहेत. ती बरं म्हणाली. भांडली असती तर कदाचित थांबलो असतो.

स्टँडपर्यंत सोडायला आली. डबा दिला. पाण्याची बाटली दिली. मी उतरल्यावर तिने गाडी वळवली. तेरा वर्षं लोकांना शिकवलं, पण इतकं सफाईदार वळण कमी लोकांनी घेतलं. वळवताना आधी आरशात पाहिलं, मागे कुणी आहे का म्हणून.

मागे मी होतो. हात केला.

रस्ता मोकळा आहे असं बघून ती निघून गेली.