चौथ्या पानावरची छत्री

ती. मावशीस,

लाडक्या भाच्याचा (तुला भाचा एकच आहे, त्यामुळे लाडका मीच असणार असं धरून चालतो) वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? जिना चढताना जास्त दुखतात की उतरताना, हे मागच्या वेळी ऐकायचं राहिलं, कारण मी विचारत होतो तेवढ्यात तुझ्या मुलीचा फोन आला आणि तू माझा ठेवून दिलास. काकांचा खोकला कमी झाला असेल. मी इकडे मजेत आहे. म्हणजे तसं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. खरं सांगायचं तर मला सर्दी झालीय, आवाज बसलाय, जीव नुसता जळतोय, आणि या तिन्हीला कारण तुझी मुलगी आहे. हे फोनवरही सांगता आलं असतं, पण तू फोन स्पीकरवर टाकतेस आणि मग माझं दुःख काका, शेजारच्या काकू आणि कुकर असे सगळे मिळून ऐकतात. म्हणून पत्र. शेवटी तुझ्याकडे एक छोटंसं काम आहे, पण आधी सगळं वाच.

तुला आठवत असेल, लहानपणी माझ्या हातून कपबशी फुटली की तुकडे खाली पोचायच्या आत बातमी माजघरात पोचायची. तेव्हाच मी तुझ्या मुलीचं नाव ‘दवंडी’ ठेवलं. तेव्हा ती भोकाड पसरायची आणि मला बरं वाटायचं. आता आम्ही दोघं एकाच वर्गात जनसंवाद शिकतो (आई अजूनही त्याला ‘ते टीव्हीचं’ म्हणते), तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी ते नाव वर्गात हळूच सोडून दिलं. म्हटलं, जिरेल जरा. तर बाईसाहेबांनी काय करावं? विभागाच्या साप्ताहिकात सदर सुरू केलं आणि त्याला नाव दिलं ‘दवंडी’! आता कॅन्टीनवाला मला विचारतो की या आठवड्याची दवंडी आली का. त्या साप्ताहिकाचा संपादक मी आहे, मावशी. मी! माझा अग्रलेख आला का, असं आजवर कुणी विचारलेलं नाही. एकदा छापणाऱ्याच्या चुकीने अग्रलेखाचा खालचा अर्धा भाग गळाला, तर कुणाच्या लक्षातही आलं नाही. (खोटं कशाला बोलू, माझ्याही चार दिवसांनी आलं.)

साप्ताहिक चार पानांचं आहे. पहिल्या पानावर बातम्या, म्हणजे वाचनालयातला पंखा, बंद पडलेला आणि सुरू झालेला. मधल्या दोन पानांवर माध्यमचर्चा. तिथे सध्या ‘वाईट बातमी वाचताना निवेदकाने हसऱ्या चेहऱ्याने सुरुवात करावी का’ यावर महिनाभर हाणामारी चाललीय आणि दोन जिवलग मित्र एकमेकांशी बोलेनासे झालेत. चौथं पान संधींचं. कुठे निबंध स्पर्धा, कुठे भाषांतराचं काम, कुठे शिकाऊ उमेदवार हवेत, आणि उरलेल्या जागेत हरवलं-सापडलं. विभागप्रमुख बाईंचा एक कडक नियम आहे: विभागाकडे आलेली प्रत्येक संधी छापलीच पाहिजे. जो संपादक एखादी संधी स्वतःसाठी दाबून ठेवील, त्याची खुर्ची गेली.

आणि गेल्या पंधरवड्यात रेडिओ केंद्राकडून पत्र आलं. वृत्तविभागात एक शिकाऊ हवा. एकच! मावशी, मला आयुष्यात दुसरं काही नको होतं ग. तुमच्या घरी जेवायला बसलो की तुझी मुलगी बोलायला लागली रे लागली, सगळ्यांचे घास हातातच राहतात. मी बोलायला लागलो की कुणीतरी मीठ मागतं. रेडिओवर कोण मीठ मागणार? मला वाटलं, एकदा, फक्त एकदा, तुम्ही सगळे गप्प बसून माझा आवाज ऐकाल. आणि लगेच वाटलं की दवंडीला हे कळलं तर संपलंच.

दाबून ठेवता येत नव्हतं. पण कुठे छापायचं आणि कसं छापायचं, हे संपादकाच्या हातात असतं की नाही? मी ती सूचना चौथ्या पानाच्या तळाशी, सर्वांत बारीक टायपात, एका हरवलेल्या छत्रीच्या खाली टाकली. शब्दही मीच बसवले: ‘येथील रेडिओ केंद्राच्या वृत्तविभागात, केंद्राच्या प्रचलित नियमांस अधीन राहून, तसेच योग्य उमेदवार उपलब्ध झाल्यास, एक प्रशिक्षणार्थी घेण्याचे योजिले असल्याचे विभागास कळविण्यात आले असून, इच्छुकांनी, इच्छा असल्यास, येत्या सोमवारी दुपारी केंद्रात समक्ष उपस्थित राहण्यास विभागाची हरकत नसावी, असे समजते.’ एक अक्षर खोटं नाही. पण शेवटपर्यंत पोचणारा माणूस जन्माला यायचाय, याची मला खात्री होती. तपासायला म्हणून खोलीतल्या सोबत्याला वाचायला दिलं, तर ‘योजिले’पाशी त्याने जांभई दिली. मी खूश.

सोमवारी इस्त्रीचा शर्ट घालून केंद्रात गेलो, तर बाकावर कोण? तुझी मुलगी! पाय हलवत, शेंगदाणे खात. ‘अय्या, तूपण?’ म्हणाली. आता यात माझं काय चुकलं ते सांग. माझा हिशेब असा होता की दुसऱ्याच्या हरवलेल्या छत्रीची जाहिरात जगात कुणी वाचत नाही. पण जिची छत्री हरवलीय ती वाचते की! ती छत्री तिचीच होती. (तूच दिलेली, निळी, घडीची. तिला छत्री दिलीस आणि मला मोजे, पण तो विषय मी काढत नाही.) आपली जाहिरात नीट छापलीय का, हे बघायला तिने चौथं पान उघडलं आणि डोळे खाली घसरले.

वृत्तसंपादिका म्हणजे चष्मा साखळीने गळ्यात अडकवलेल्या, एकही शब्द वाया न घालवणाऱ्या बाई. काचेपलीकडच्या खोलीत आम्हा दोघांना एकदमच बसवलं, कारण उमेदवार दोघंच होतो. सूचना कुठे वाचली, असं त्यांनी विचारलं. मी गप्प बसायला हवं होतं. पण छाप पाडायची हौस! म्हटलं, वाचली कशाला, विभागाच्या साप्ताहिकाचा मी संपादक आहे, तो मजकूर माझाच. बाईंनी टेबलावरचा अंक उचलला (अंक त्यांच्याकडे जातो हे मला कुणी सांगितलं असतं तर!), चौथं पान उघडलं, माझ्यापुढे माईक सरकवला आणि म्हणाल्या, वाचा. माझंच वाक्य, मावशी. ‘अधीन राहून’पर्यंत बरा होतो. ‘योजिले’ला दम लागला. श्वास कुठे घ्यावा, तर मी कुठे जागाच ठेवलेली नव्हती. ‘इच्छुकांनी, इच्छा असल्यास’पर्यंत पोचलो तेव्हा डोळ्यांपुढे काजवे चमकत होते, आणि ‘असे समजते’ हे मी खोकल्यातच उरकलं. काचेपलीकडचा तंत्रज्ञ कानांवरचे हेडफोन काढून पाणी आणायला धावला.

मग माईक दवंडीकडे. तिला बाईंनी वरची जाहिरात वाचायला सांगितली. ‘माझी छत्री हरवली आहे. निळी आहे. एक काडी मोडली होती. ती आईने लाल दोऱ्याने बांधून दिली आहे. वारा आला की छत्री उलटी होते. मग मी ओरडते. नवी छत्री मिळेल. आईची गाठ मिळणार नाही. कुणी नेली असेल तर रागावणार नाही. परत द्या.’ झालं. एवढंच. तंत्रज्ञ पाण्याचा पेला हातात धरून उभाच राहिला. बाईंनी चष्मा काढून पुसला. आणि मी? मी मनात म्हटलं, या कार्टीला हे जमतं कसं! मी रात्रंदिवस जाड जाड पुस्तकं वाचतो, आणि ही शेंगदाणे खाता खाता असं लिहून जाते. मला तिचा राग आला, हेवा वाटला, आणि ती छत्री लगेच सापडावी असंही वाटलं. हे सगळं एकाच वेळी. फार वाईट वाटतं ग असं झालं की.

निकाल तिथेच लागला, तो तुला स्पीकरवरून कळला असेलच. बाहेर पडलो तर मुसळधार पाऊस. केंद्राच्या पत्र्याखाली आम्ही अर्धा तास उभे, तोही गळका. मी बॅग छातीशी कवटाळून, ती माझ्या बाजूला निथळत. तिने मधेच स्वतःचा ओला रुमाल काढून मला डोकं पुसायला दिला. सर्दी ती ही. असो. सर्वांना नमस्कार, आणि गुडघ्यांना तेल लाव.

तुझा,
(सध्या तरी) संपादक भाचा

ता. क. – कामाचं राहिलंच. दवंडीची ती छत्री माझ्याकडे आहे. दचकू नकोस. छत्री ‘हरवली’ त्या दिवशी पाऊस होता, ती वर्गात बोलत होती, आणि तिचं बोलणं संपायला किती वेळ लागतो हे तुला माहीत आहे. म्हणून दाराशी ठेवलेली छत्री मी जरा वेळापुरती उचलली, संध्याकाळी देणारच होतो. पण दुपारीच ती जाहिरात घेऊन माझ्यापुढे हजर. परत दिली असती तर जाहिरात खोटी ठरली असती आणि पुढच्या अंकात खुलासा छापावा लागला असता, आणि माझ्या कारकिर्दीत आजवर एकही खुलासा छापलेला नाही. शिवाय चौथ्या पानावर तेवढी जागा भरत होती. पत्र्याखाली उभे होतो तेव्हाही ती माझ्या बॅगेतच होती. आता सोबतच्या पुड्यात पाठवतोय. तुमच्या घरीच दाराआड सापडली, असं तिला सांगशील का? तुझ्या पाया पडतो.

ता. क. दुसरा – पुडा बांधत होतो, तर रेडिओवर दवंडीचा पहिला कार्यक्रम लागला. हरवलं-सापडलं! तिने छत्रीची जाहिरात सगळ्या शहराला वाचून दाखवली, आणि सापडल्यास आणून देण्यासाठी पत्ता कुणाचा दिला? माझा. दुपारपासून लोक छत्र्या घेऊन येताहेत. काळ्या, लाल, फुलाफुलांच्या. एक आजोबा तर स्वतःची चांगली छत्री देऊन गेले, म्हणाले, त्या मुलीला सांगा, ही वापर. मी नाही म्हणू शकलो नाही. खोलीत पाय ठेवायला जागा नाही.

ता. क. शेवटचा – दाराआड वगैरे काही सांगू नकोस, आणि पुड्याची वाटही बघू नकोस. (हे पोस्टातून लिहितोय.) पुडा बॅगेत टाकून इकडे निघणार, तेवढ्यात खोलीवर दवंडी आली. छत्र्यांच्या ढिगावरून नजर फिरवली आणि माझ्या बॅगेपुढे जाऊन हात पुढे केला. त्या दिवशी पत्र्याखाली बॅगेतून लाल दोरा लोंबत होता म्हणे. म्हणजे माहीत असूनही ती माझ्याशेजारी अर्धा तास भिजत उभी राहिली. मी खुलासा करायला लागलो, तो तुला माहीतच आहे किती लांबला असता. तिने मधेच थांबवलं आणि म्हणाली, ‘पाऊस आहे. चल, सोडते तुला.’ बघ, मावशी, किती छोटं वाक्य! तेच तर मला सहन होत नाही.