शेवटचं प्रकरण

प्रिय चिमणे,

पीएचडीसाठी माझ्याकडे आलीस तेव्हापासून मी तुला याच नावाने हाक मारायचे. दुपारभर माझ्या घरी बसून तू माझे पेपर तपासायचीस, माझ्या पाठीला तेल लावून द्यायचीस आणि निघताना भीतभीत विचारायचीस, "मॅडम, शेवटचं प्रकरण पाहिलंत?"

"घाई कसली गं? पुन्हा लिही," मी म्हणायचे. समासातही लाल शाईने तेच लिहायचे, कॉन्व्हेंटात सिस्टरनी गिरवून घेतलेल्या वळणदार अक्षरात.

सात वेळा लिहिलंस. नोकरीची वयोमर्यादा उलटली, तशी यायची थांबलीस. आता कुठल्याशा शाळेच्या ऑफिसात दाखले लिहितेस म्हणे.

काल कपाट आवरताना त्या प्रकरणाची तुझी पहिली प्रत सापडली. मी ती पहिल्यांदाच वाचली. एक शब्दही बदलायला नको होता. खूप रडले गं. पण तुला पदवी मिळाली असती, तर माझ्या दुपारी कुणी भरल्या असत्या?

हे पत्र त्याच प्रतीत ठेवून कपाट बंद करते आहे. नवी मुलगीही गुणी आहे, हात तुझ्यासारखाच मऊ. आज तिने विचारलं, "मॅडम, वाचलंत?"

मी म्हटलं, "पुन्हा लिही."

तुझीच,
मॅडम