पडद्यावरचा बाण

प्रिय धाकट्या,

प्रिय म्हणायची रीत आहे म्हणून लिहिलं, लगेच चढून जाऊ नकोस. कसली काळजी मिटली रे तुझी? अण्णांच्या कॉम्प्युटरला चांगला अँटीव्हायरस बसवला असं मी कळवलं, तर तुझा उलटा निरोप काय, तर एक अंगठा आणि खाली ‘चला, काळजी मिटली’. त्यानंतर तुझा फोन नाही. मी केला तर तू मीटिंगमध्ये, मीटिंग नसली तर गाडी चालवतोय. म्हणून कागदावर लिहितेय. कागदाला अंगठा दाखवून सुटता येत नाही. आणि माझं अक्षर म्हणजे घाईत मारलेली शिलाई, वाकडंतिकडं. तुला सावकाश वाचावं लागेल. बरंच आहे.

आधी तुझ्या हुशारीचं बघू. कॉम्प्युटर अण्णांच्या गळ्यात मारलास तेव्हा म्हणालास, फुकटातला अँटीव्हायरस टाकलाय, आता डोळे मिटून राहा. तो फुकट्या थोड्याच दिवसांत बोंबलायला लागला, तुम्ही धोक्यात आहात, आमचा मोठा अँटीव्हायरस घ्या. तुला सांगितलं तर तू लांबूनच दुसरा टाकलास आणि पहिला काढायला विसरलास. तिसरा पत्त्यांच्या खेळाबरोबर न बोलावता आला. एका दारावर तीन राखणदार, आणि तिघं एकमेकांनाच चोर समजून धरतायत. कॉम्प्युटर असा झाला की बटण दाबून मी एक पँट आखूड करून यावं तेव्हा कुठे पडदा उजळायचा. एवढं शिकलास, कंपनीत खुर्चीत बसतोस, आणि बापाच्या घरी केलंस काय, तर तीन कुत्री पाळलीस आणि एकालाही घरचा माणूस ओळखायला शिकवलं नाहीस.

मग तूच म्हणालास, कॉम्प्युटरच्या दुकानातून माणूस बोलव. बोलावला. तो तुझाच भाऊ शोभला असता. खुर्चीत टेकायच्या आधीच मान हलवायला लागला. डॉक्टर निदान नाडी तरी बघतो. म्हणे, आजोबांनी येईल ती मेल उघडलीय, ‘बक्षीस लागलंय, इथे दाबा’ म्हटलं की दाबलंय. वर हसून म्हणतो, म्हातारी माणसं अशीच असतात. मी त्याला असा झाडला की पुढचं सगळं काम त्याने मुकाट्याने केलं. अरे, आपले अण्णा कारखान्याच्या फाटकावर जन्म घालवलेले. पास नाही म्हणून मालकाच्या जावयाला उन्हात उभं केलं होतं त्यांनी, लहानपणी ती गोष्ट ऐकल्याशिवाय तू जेवायचा नाहीस. तो माणूस कुणा फडतूस बक्षीसवाल्याला आत घेईल? खटकलं मला तेव्हाच. अण्णा मात्र खाली मान घालून नखं बघत बसले.

दुकानवाल्याने दहा प्रकार दाखवले. एकात मुलांवर लक्ष ठेवायची सोय, एकात सगळ्या घराच्या फोनांची राखण, एकात आणखी कसली झालर. मी म्हटलं, झालर नको, आत अस्तर धड असलेलं दे. जुने तिन्ही मुळापासून काढ आणि एकच टाक, स्वतःहून ताजा राहील असा, आठवड्याला सगळं तपासून गप्प बसेल असा. तसा मिळाला. बसल्याबरोबर त्या अँटीव्हायरसने पहिला प्रश्न विचारला की बाहेरून कुणीतरी हा कॉम्प्युटर चालवायची सोय करून ठेवलीय, ती राहू द्यायची का? दुकानवाल्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, बघतोस काय, हाकल. अण्णांनी हात उचलला, काहीतरी बोलणार होते, मग हात परत मांडीवर ठेवला.

ते तू होतास, हे मला नंतर समजलं.

तुला माहीत नसेल म्हणून सांगते, शनिवारी संध्याकाळी आपल्या घरी काय चालायचं. अण्णा तुला फोन करून कॉम्प्युटर बिघडल्याचं सांगायचे. तू वैतागायचास, ‘परत काय दाबलंत?’ म्हणायचास, ‘हात लावू नका, मी बघतो’ म्हणायचास आणि फोन ठेवून द्यायचास. मग पडद्यावरचा बाण आपोआप हलायला लागायचा. अण्णा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून समोर बसलेले. मला हाक मारायचे, ‘आला बघ’. आणि तू तिकडे त्यांच्या बावळटपणाला शिव्या देत कचरा उपसत असायचास तेव्हा हे इकडे बाणाशी बोलायचे. जेवलास का, दमलेला दिसतोस, सावकाश फिरव. तिथे नको जाऊस, तिथे आईचे फोटो आहेत. मला वाटायचं, म्हातारपण डोक्यात शिरलं. मी घरचं शिलाई मशीन आणखी जोरात चालवायची, ऐकू येऊ नये म्हणून.

नवा राखणदार बसल्यावर बाण जागचा हलला नाही. बिघाडच नाही तर तू कशाला येशील? तरी शनिवारी दाढी करून बसायचे. दिवे लागले की उठायचे, म्हणायचे, आज काम असेल त्याला.

परवा शिवणाच्या दुकानातल्या मशीनचा पट्टा तुटला म्हणून दुपारीच घरी आले. अण्णा भिंग हातात धरून, नाक पडद्याला टेकवून त्या अँटीव्हायरसला बंद करायची खटपट करत होते. म्हणजे रोजच करत असणार. हे बंद करतात आणि तो सकाळी आपला पुन्हा जागा. हे बक्षीसवाल्यांना आत बोलावतात आणि तो त्यांना बाहेर फेकतो. मी तोंडाला येईल ते बोलले. फाटकावरच्या माणसाला लाज नाही वाटत का, इथपर्यंत बोलले. त्यांनी भिंग पुसलं आणि शांतपणे म्हणाले, “बिघडल्याशिवाय तो येत नाही गं.”

आता तो बाण आठव. केवढा आहे? लाटण्याएवढा. अक्षरं बोटाएवढी. तूच केलंस ना ते, अण्णांनी सांगितलं म्हणून? कशाला पाहिजे, एवढं एक विचारलंस का? बाण मोठा करून मोकळा झालास. त्यांची मधली नजर चाललीय. डॉक्टर म्हणाले, चष्म्याने नाही आणि ऑपरेशननेही परत यायची नाही. कडेकडेचं दिसत राहील, दाराची चौकट, खिडकी. समोर बसलेल्याचं तोंड दिसणार नाही, आणि ती वेळ यायला फार दिवस उरले नाहीत. तुला सांगायचं नाही अशी शपथ घातलीय मला. उगाच घाबरेल, रजा मिळत नाही त्याला, म्हणाले. मी शपथ मोडलेली नाही, सांगितलं नाही, लिहिलंय. दुकानवाला म्हणतो, एक खूण केली की तुझा बाण परत आत सोडता येईल. मी नाही करणार. बाण बघून पुष्कळ झालं, आता त्यांना तुझं थोबाड बघू दे, जसं आहे तसं. शनिवारी ते दाढी करून बसतीलच, मी समोर खुर्ची मांडून ठेवते. येतोस की नाही ते गुरुवारपर्यंत कळव, आणि फोन करून तोंडाने कळव. पुन्हा अंगठा पाठवलास, तर तिथे येऊन तो मुरगळीन.

तुझीच,
ताई