पाठकोऱ्या कागदाची टोकनं

बाई, तुमच्या नंबराच्या वहीबद्दल बोलायचं हाय. तुमी जाऊन अकरा वर्षं झाली, आता बोलायला काय हरकत हाय, असं लिहिणार होते. पण हरकत हाय. तरी बोलते.

कॉलेजच्या पहिल्या वर्षाला सुट्टीत मी तुमच्या संस्थेत सर्व्हेला आले. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांना त्यांच्या दुखण्याचं विचारायचं आणि फॉर्म भरायचा. फॉर्मवर फक्त नंबर. कोणता नंबर कुणाचा हे तुमच्या वहीत, वही ट्रंकेत, किल्ली तुमच्या कमरेला. पहिल्याच आठवड्यात मी एका फॉर्मवर नाव लिहिलं. तुमी चष्मा वर सारला.

"नाव कावून लिहिलंस?"

"लक्षात राहावं म्हणून."

"कुणाच्या?"

भर उन्हात तुमी मला त्या गावाला परत पाठवलं, त्या बाईसमोर फॉर्म फाडायला. ती हसायलाच लागली. "एवढ्यासाठी आलीस व्हय गं? पाणी पी आन् जा." तांब्यात तळाला दोन घोट होते. त्यातला एक मी ठेवला.

आणि तुमीच दुसरी सवय लावली. पाठकोरा कागद टाकायचा न्हाई. जुन्या पत्रकांचा गठ्ठा दाभणानं शिवून मला दिलात. "एक बाजू कोरी हाय, लिही काय लिहायचं ते." माझ्या पहिल्या गोष्टी त्याच्यावरच हायेत. मागं बचत गटाच्या बैठकीचा अजेंडा, पुढं माझं प्रेमभंगाचं रडगाणं.

आता तुमचं स्वयंपाकघर. तुमी भाकरी थापताय, मी शेंगा फोडतेय. सर्व्हेतली एक सून दारात येते, पदर दातात धरून. सर्व्हेला तिच्या घरी गेलो तेव्हा सासू शेजारीच ठिय्या मारून बसली होती, ती काय बोलणार? तुमी माझ्याकडं न बघता म्हणता, "जा गं, शेजारनं कोथिंबीर आण." त्या उन्हाळ्यात अख्ख्या आळीत कोथिंबिरीची काडी नव्हती, आणि तुमाला ते पक्कं ठाऊक होतं. मी चार घरं फिरून हात हलवत आले. ती भाकरी खात होती, डोळे लाल. तुमी म्हणत होता, "हे माझ्यापाशी राहील. मी मेले की माझ्यासंगं जाईल."

तुमी गेलात. ते गेलं न्हाई.

तुमच्या माघारी देणगीदारांना नावानिशी यादी पाहिजे होती. वही माझ्याकडं आली. दोन दिवस बसून मी प्रत्येक फॉर्मवर नंबरापुढं नाव लिहिलं, निळ्या पेनानं, सुवाच्य अक्षरात. तेव्हा तिचा फॉर्म वाचला. पहिल्या नवऱ्याकडं असताना, तोडीत खाडा नको म्हणून, गर्भपिशवी काढलेली. वरच, समासात, तुमच्या हातचं: ह्या घरी माहीत न्हाई. मी ते सगळं कॉम्प्युटरात घातलं आणि त्याला असा पासवर्ड दिला की सचिवांना तीनदा लिहून द्यावा लागला. लई मिरवलं मी त्या पासवर्डवर. फॉर्म मात्र कोपऱ्यात, सुतळीनं बांधून. एका बाजूनं कोरे.

मग तो उन्हाळा. दूध संघाचा टँकर पाणी घेऊन येणार, रांगेत डोकी फुटायला नकोत म्हणून आमी टोकनं करायची ठरवली. मी गठ्ठा सोडला. एक फॉर्म आडवा फाडला की दोन टोकनं. मागं काय हाय ते बघितलंच न्हाई, असं मी सगळ्यांना सांगितलं. खोटं. बघितलं होतं. पाठकोरे हायेत, एवढं बघितलं.

रांगेत एक जण कंटाळून टोकन उलटं करतो.

"अय, ही तर आपल्या पाईपवाल्याची बायकू की बे!"

"वाच की बे फुडं."

"पिशवी काढली... पहिल्या नवऱ्याकडं..." वाचता वाचता त्याचाच आवाज बसत गेला. पण 'ह्या घरी माहीत न्हाई' हे त्यानं वाचलंच.

तिचा नवरा टँकरवर पाईप धरून उभा होता. पाईप त्याच्या हातातून सुटला. पाणी मातीत चाललेलं, आणि त्या उन्हाळ्यात, बाई, त्या पाण्यासाठी कुणी ओरडलं न्हाई. ओरडली ती सासू. "तीन वर्सं हिला नारायणगडावर न्हेलं! तीन वर्सं पोरासाठी नारळं फोडली! आन् ही हात जोडून उभी राहती माझ्या शेजारी!" सून दोन घागरी खाली ठेवून उभी होती. भरलेल्या न्हाई, रिकाम्याच.

दुसऱ्या दिवशी ती ऑफिसात आली, बोचकं काखेत. घरातनं काढलं होतं. "बाईनं कुणाला सांगितलं?" एवढंच विचारत होती. सचिव म्हणाले, "त्यांच्याच काळातले कागद हायेत ते. त्यांनी जाळायला पायजे होते." ती माझ्याकडं वळली. "तू तर तवा लहान व्हतीस. तुला तरी ठावं व्हतं का गं?" मी म्हणाले, "न्हाई." तिनं भिंतीवरच्या तुमच्या फोटोकडं बघितलं. वाटलं थुंकंल. थुंकली न्हाई. "मोठी देवमाणूस म्हनं," एवढं बोलून गेली.

मागच्या आठवड्यात ती आष्टीच्या स्टँडवर दिसली. माहेरीच असते, भावाच्या कोयत्यावर तोडीला जाते. केस पिकलेत, माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनीच मोठी असंल. मला ओळखलं, कडा गावाची गाडी लागेपर्यंत शेजारी बसली. बोलता बोलता म्हणाली, "तुमची बाई मेली म्हनून सुटली. न्हाईतर एकडाव तोंडावर इचारलं असतं, माझी भाकरी जाईल हे ठावं असून तुझं तोंड कसं उघडलं." तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. मी विचारलं, "चहा घेता का?"

तिनं घेतला. मला आशीर्वाद दिला.

हे पत्र तिला लिहायला पाहिजे, हे मला कळतं. तिचा पत्ता पाठ हाय, तिला वाचता पण येतं. तरी तुमाला लिहिलं, कारण तुमी कुणाला सांगत न्हाई.