अव्वांचे गुडघे

प्रिय अव्वा,

उद्या तुम्हाला जाऊन वर्ष होईल. घरी पंगत आहे, तुमच्या आवडीची गव्हाची गोड हुग्गी आहे, आणि मी मघापासून आजची गोळी तळहातावर घेऊन बसले आहे. घ्यावी की नको? तुमच्याशिवाय कुणाला विचारू?

दुपारी मंगलवन्संचा फोन आला. "वहिनी, उद्या सैपाकघरात दडून बसायचं न्हाय. अव्वाची पंगत हाय, माज्या शेजारीच बसायचं!" मी हो म्हणाले आणि तेव्हाच पोटात कळ आली. त्यांना वाटतं, मला ॲसिडिटी आहे. तुमचा मुलगा एचआयव्हीनं गेला आणि मलाही तो आहे, हे घरात फक्त तुम्हाला ठाऊक होतं.

आजाराची लाज मी कशीबशी गिळली, अव्वा. या गोळ्यांनी बिघडणाऱ्या पोटाची नाही गिळता आली. सात रस्ता चौकात बसमधून उतरले की दुकानांआधी स्वच्छतागृह शोधते. पिशवीच्या तळाशी जादा परकर असतो. डॉक्टर दर वेळी विचारतात, "आणखी काही त्रास?" मी म्हणते, "काही नाही." चाळिशी उलटलेली बाई मी, 'जुलाब' हा शब्द तोंडातून निघत नाही!

म्हणून समारंभ आला की आदल्या दिवशी गोळी चुकवायची आणि उपाशी राहायचं, ही माझी युक्ती. तुम्ही एकदा पकडलंत. "जेवायला जायचंय का मराया?" केवढ्या चिडला होतात!

मंगलवन्संच्या मुलीच्या लग्नातली पंगत आठवते? अर्ध्या पंगतीतून कुणी उठायचं नाही, हा आपल्याकडचा दंडक. पानात हुग्गी वाढलेली, आणि माझ्या पोटात पिळा. कपाळावर घाम आला. तेवढ्यात तुम्ही कळवळलात, "अगं बाई गं! गुडघा धरला की! सूनबाई, उठीव मला."

"म्हातारीनं पंगत मोडली!" कुणीतरी बोललंच.

"मोडंना का! गुडघा काय पंगतीला इचारून दुकतोय व्हय?"

माझ्या खांद्यावर हात टाकून लंगडत निघालात ते थेट संडासापर्यंत. मी आत, तुम्ही दारात पाण्याची बादली घेऊन उभ्या. माझ्या साडीचा काठ तुम्हीच धुतलात. मी मान वर केली नाही. एका शब्दानं आभारही मानले नाहीत.

गुडघे! त्याच आठवड्यात तुम्ही पापडांची ताटं घेऊन गच्चीचा जिना धावत चढत होतात!

त्यानंतर प्रत्येक पंगतीत तुमचा गुडघा दुखला. आणि रागावू नका, पण थोडं तुमचंही चुकलंच. इतकं झाकलंत, की माझं दुखणं मला बोलताच येईना. आता कुणाच्या गुडघ्याआड लपू?

गोळी घेतली, अव्वा. आत्ताच, हे लिहिता लिहिता.

उद्या मी मंगलवन्संच्या शेजारी बसेन. आजाराचं नाव मला अजून सांगता येणार नाही, तेवढं धाडस नाही. पण कळ आली तर पंगतीतून उठेन आणि म्हणेन, "माझं पोट बिघडलंय." म्हणोत पंगत मोडली. आणि पुढच्या तपासणीला डॉक्टरांनाही हे सगळं सांगेन, अगदी त्या शब्दासकट. लाज वाटेल. वाटू दे.

तुमच्या गुडघ्यांना मात्र आता आराम द्या.

तुमची सून,
शैला