पाहुणी येऊन गेली का?

यवतमाळ,
डिसेंबर २०१२

प्रिय नयन,

पाकिटावरचं माझं अक्षर पाहून तुला वाटलं असेल, ताईचं डोकं फिरलं. हातात मोबाइल असताना पत्र कोण लिहितं? पण हे फोनवर सांगता येण्यासारखं नव्हतं. का, ते पुढे येईलच. तोवर एवढं कर, हे मनातल्या मनात वाच. मोठ्यानं वाचू नकोस आणि सलील जवळपास असेल तर त्याला बाहेर खेळायला पाठव. भैरवीला मात्र नंतर जरूर वाचायला दे. हसू नकोस. मीही आधी हसलेच होते.

घरचं बरं आहे. बाबांनी यंदा अर्ध्या वावरात सोयाबीन टाकलं आणि उरलेल्यात कापूस. सगळाच कापूस सोडायला काही त्यांचं मन धजत नाही. भावाचं काय सांगू, तू पेपर वाचतोसच. मधल्या काळात गावात इतके पाहणी करणारे येऊन गेले की आता जीप दिसली की बाबा, आपले बबनराव, मागच्या दारानं वावरात पसार होतात. दिवाळीच्या आधी माझीच जीप पाहून पळाले. मी आवाज देत मागे गेले तर म्हणाले, "मले वाटलं, पुन्हा कोणी कापसाचं इचारून राह्यलं." तुझी आठवण काढतात, पण तुझं नाव घेत नाहीत. पुण्याला थंडी किती आहे गं, असं विचारतात.

आणि आई. आता चिडू नकोस, आईबद्दलच लिहायला बसले आहे. सलीलला पहिल्यांदा घरी आणलंत, त्या दिवाळीपासून तू आपल्या घराचा उंबरठा चढला नाहीस. तुझा राग मला कळत होता. मीही त्या दिवशी दारात उभी होते. भैरवी दिग्रसहून, माहेराहून बाळाला घेऊन आली, आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, भैरवीनं मोठ्या हौसेनं बाळ तिच्या हातात दिलं. आईनं त्याला कमरेवर घेतलं आणि दुसऱ्याच क्षणी किंचाळली, "घ्या वो याले! दूर करा!" जवळजवळ टाकलंच तिनं त्याला भैरवीच्या अंगावर आणि आत जाऊन दार लावून घेतलं. तुमच्या लग्नाला तिचा विरोध होता, भैरवी जातीबाहेरची, शहरातली, वडील कचेरीत. सगळ्यांनी एकच अर्थ काढला. शेजारच्या कमलाकररावांनी तर आईनं सुनेचा राग बाळावर काढू नये म्हणून मला बाजूला घेऊन समजावलं होतं. तुम्ही फराळाला न थांबता परत गेलात.

त्यानंतर तू फोन करायचास, आईला विचारायचास, तुझं आमच्याशी काय वैर आहे ते एकदा सांग. आई रिसीव्हर कानाला लावून उभी राहायची आणि एक शब्द बोलायची नाही. मग तू फोनच बंद केलास. मलाही तिचा संताप यायचा. एवढा कसला ताठा, म्हणायचे. तिच्या वागण्यात तेव्हापासून कितीतरी बदल झाला होता. कापूस वेचायला जाणं तिनं सोडलं. गावातल्या बाया म्हणायच्या, कोकिळाबाई आता सासू झाल्या, कामाला हात लावत नाहीत. नवी लुगडी पेटीत ठेवून जुनी, विरलेली नेसायची. मी आले की जवळ घ्यायची नाही. आणि सदानकदा कमरेवर हात ठेवून उभी, भांडायला निघाल्यासारखी. आपण तिला फौजदार म्हणायचो, आठवतं?

आता माझ्या कामाचं ऐक, म्हणजे दोन्ही एकत्र येतील. गेलं वर्षभर मी एका अभ्यासात काम करते आहे. नागीण उठते ना अंगावर, फोडांचा पट्टा, ती बहुतेकांची बरी होते आणि विषय संपतो. काहींची मात्र कातडी स्वच्छ होते आणि आतली नस पुढे वर्षानुवर्षं जळत राहते. साधं कापड घासलं तरी चटका बसतो. हे कुणाला होतं आणि कुणाला नाही, कशानं धोका वाढतो, हे शोधायचं. त्यासाठी मी मारेगावपासून कळंबपर्यंत गावोगाव फिरते. विचारायचा पहिला प्रश्न ठरलेला होता, तुम्हाला कधी नागीण झाली होती का? नाही म्हटलं की पुढचं काही विचारायचंच नाही. आणि तुला सांगते, बाया सरसकट नाही म्हणायच्या. आमचे मोठे डॉक्टर खूश झाले, म्हणाले, या भागात हा आजार दुर्मीळ दिसतो, यावर वेगळा लेख होईल.

मग मारेगावकडच्या एका गावात रामीबाई भेटली. पिकलेली म्हातारी, ओसरीवर नातीची वेणी घालत बसली होती. मी प्रश्न विचारला आणि तिनं वेणी सोडून त्या पोरीचे दोन्ही कान हातांनी झाकले. "काहून नाव घेता बाई तिचं? लेकरू बसलं हाय ना इथं!" मी हसले. जीपमध्ये बसल्यावर हसू जिरलं. अरे, आपल्याही घरी हेच होतं. तिचं नाव घ्यायचं नाही. घेतलं तर ती मागं वळते आणि ऐकणाऱ्यांत सगळ्यात लहान जो असेल त्याच्याकडे जाते. आजी तिला पाहुणी म्हणायची. दारात पाहुणी येऊन गेली असं कोणी म्हटलं की आपण दोघं लाडू मिळतील म्हणून धावायचो आणि आजी पाठीत धपाटा घालायची.

आम्ही प्रश्न बदलला. पाहुणी येऊन गेली का? आणि मग जी दारं बंद होती ती सगळी उघडली. कुणी पाठ दाखवली, कुणी छाती, एकीच्या तर कपाळावर होती. बाया बोलतच राहिल्या. सासूनं ढोंगी म्हटलं, नवऱ्यानं अंगाला हात लावू देत नाही म्हणून मारलं, अंगावर काही दिसतच नाही तर दाखवणार काय. डॉक्टरांचा लेख अर्थातच बारगळला.

त्याच आठवड्यात रविवारी मी घरी गेले. आई अंगणात तूर निवडत होती. प्रश्न आपल्या बोलीत नीट बसतात का ते पाहावं, म्हणून मी तिच्यावरच तालीम सुरू केली. मनात दुसरं काहीही नव्हतं. पाहुणी येऊन गेली का, विचारलं. वर न बघता म्हणाली, "आलती ना. नयनचं लेकरू झालं त्या सालीच. दसऱ्याच्या टायमाले." माझा हात थांबला. पुढचा प्रश्न होता, पूर्ण गेली का? तर तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "गेली कुठं? इथंच हाय."

पदर बाजूला करून दाखवलं तिनं. डाव्या कमरेपासून पाठीपर्यंत कातडीचा रंग थोडा फिकट, बस. मी बोट टेकवायला गेले तर बोट पोचायच्या आधीच तिचं अंग आकसलं. मग एकेक सांगत गेली. त्या साली भाव पडलेला, मजूर बाया परवडत नव्हत्या, म्हणून पहिली वेचणी घरच्यांनीच केली. फोड उठले तरी ती वेचत होती. आणि वेचायची ओटी कुठं बांधतात, तुला माहीत आहे, कमरेला. ओल्या फोडांवर गाठ मारून, कापसानं भरलेली ओटी ओढत ती तासांमागून तास चालली. गावचा वैदू डोमाजी येऊन फोडांवर गेरूची काव लावून गेला. नागिणीची दोन टोकं जुळली की माणूस जातो म्हणतात, तर त्यानं पाठीवर बोटानं मोजून सांगितलं, जुळत नाहीत, वाचली. घरात सगळ्यांना बरं वाटलं. बाबांनी नारळ फोडला. दवाखान्यात न्यायचा विचारही कुणाच्या मनात आला नाही, कारण मरणाची भीती तर टळली होती. तू पुण्याला, मी नागपूरला शिकायला, आपल्याला कुणी कळवलं नाही.

आम्ही ज्या धोक्याच्या गोष्टी शोधतो आहोत, त्या मला आता कागदावर पाहायची गरज राहिली नाही. उतारवयात झालेली, दाट उठलेली, पहिल्याच दिवसांत असह्य कळ, आणि औषध वेळेत नाही. सुरुवातीच्या दोनतीन दिवसांत गोळ्या सुरू झाल्या असत्या तर कदाचित, असं मी रोज स्वतःशी म्हणते. कदाचितच. आमच्या शास्त्रात खात्रीचं फार थोडं असतं.

तर त्या दिवाळीला सलीलला कमरेवर घेतलं ती हीच बाजू. त्याची टाच लागली. आई म्हणाली, "तापवलेली सुई आरपार गेली पोरी. तो हातातून पडंन या भेवानं मी वराडली." मी विचारलं, मग तेव्हाच का सांगितलं नाहीस? सगळे एवढं बोलत होते, नयन रडत होता. माझ्याकडे असं पाहिलं तिनं, जसं मीच अडाणी. "लेकरापुढं तिचं नाव घेऊ? ते तीन महिन्यांचं होतं. नुसतं पाहुणी म्हटलं तर सुनेले काय समजलं असतं?" आणि फोनवर का नाही बोललीस? तर म्हणे, तुझ्या फोनमधून बाळाचा रडण्याचा आवाज येत होता. तो तिकडं ऐकतो आहे, एवढंच तिला कळत होतं. पुढं तू फोन बंद केलास आणि बोलायचं कुणाशी तेच उरलं नाही. नयन, मी त्या तुरीच्या ढिगाजवळ बसून ढसाढसा रडले. ती मलाच समजावत होती, "कायले रडतं, लेकराले काही झालं नाही ना."

मी तिला गोळ्या सुरू केल्या आहेत, नसा शांत करणाऱ्या. थोडा उतार आहे. पहिल्यांदा चक्कर यायची, आता झोप लागते. पण खोटं लिहीत नाही, इतक्या वर्षांनंतर हे पूर्ण जाण्याची आशा कमी आहे. तिलाही सांगितलं. मान हलवली आणि चुलीकडे गेली. बाबांना कळलं, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून तिचं पाणी तेच भरतात.

तुला हे सांगू का, असं मी तिला विचारलं. म्हणाली, तोंडानं नको, लिहून चालते, लिहिलेलं ती ऐकत नाही. म्हणून हे पत्र. शेवटी तिनं एक निरोप दिला आहे, तो तिच्याच शब्दांत देते. "त्याले म्हणा, रागावला असंन तर राहू दे राग. पण संक्रांतीले लेकराले घेऊन ये. माही डावी बाजू खराब हाय, उजवी चांगली हाय. उजव्या मांडीवर बसंन तो." एवढं बोलून ती भिंतीला टेकून बसली आणि उजवी मांडी जरा मोकळी करून, लुगडं सारखं करून, किती जागा होते ते हातानं पाहत राहिली. सात वर्षांचं पोर आता मांडीवर मावत नाही, हे तिला सांगायचं माझ्यानं झालं नाही. तू ये आणि सलीलला आधी समजावून आण, थोडा वेळ तरी अंग चोरून बसायला.

तुझीच,
प्रेरणाताई