वर्गातील जाते परत मिळण्याबाबत

प्रति,
मा. शिक्षण विस्तार अधिकारी,
तालुका मावळ, जि. पुणे.

विषय : कुलूपबंद केलेले जाते वर्गात परत ठेवू देण्याबाबत.
संदर्भ : आपल्या शाळाभेटीचा शेरा, दि. ७ ऑगस्ट २०२५.

महोदय,

आपण आलात तेव्हा चौथीतील अपेक्षा वर्गाच्या कोपऱ्यात जाते फिरवत होती. ‘विद्यार्थिनीस दळणास जुंपले’ असा शेरा मारून आपण जाते सामानाच्या खोलीत ठेवले, कुलूप लावले आणि किल्ली सोबत नेली. त्याबाबत खुलासा करते.

१. ते दळण नव्हते. राग अनावर झालेल्या मुलाने न विचारता उठावे, मूठभर नाचणी जात्यात घालून वीस फेरे मोजावेत आणि जागेवर परतावे, एवढाच आमचा नियम आहे. गरागरा फिरवले की नाचणी भरडच पडते. पीठ हवे तर हात संथ करावा लागतो, मग श्वासही संथ होतो. मुलगेही बसतात. पीठ शेजारच्या झुंबरबाईंच्या कोंबड्या खातात. जातेही त्यांचेच. देताना म्हणाल्या, “घिऊन जावा, बाई. आमी पन राग ह्याच्यावरच काढायचो.”

२. जडवस्तू नोंदवहीत जाते ‘क्रीडा साहित्य’ म्हणून दाखवले, ही चूक माझी. राग निवण्याच्या साधनांना तिथे रकानाच नाही. “हा कोणता खेळ?” असे आपण विचारलेत. तेव्हाच मी हे सांगायला हवे होते.

३. जूनपासून, म्हणजे जाते आल्यापासून, अपेक्षा रागाच्या भरात एकदाही वर्गाबाहेर पळाली नव्हती. काल, मंगळवारी, हातच्याची वजाबाकी तिसऱ्यांदा चुकली. ती उठून कोपऱ्यात गेली. कोपरा रिकामा होता. तिने पाटी आपटली, स्वतःचे मनगट चावले आणि पावसात शाळेमागच्या कड्याकडे पळत सुटली. धुक्यात ती मला दिसेना. पाऊण तासाने सापडली, दरीपासून चार पावलांवर. ती एवढेच म्हणाली, “बाई, जातं कुटं नेलं?”

तरी सोमवारपूर्वी किल्ली मिळावी. न मिळाल्यास कुलूप मी स्वतः तोडीन आणि तसे आपणास लेखी कळवीन.

आपली नम्र, आणि तूर्त धीर धरून असलेली,
माधवी केशव तिकोने
सहशिक्षिका, प्राथमिक शाळा, उंबरमाळ वस्ती (कुरवंडेजवळ)
दि. १३ ऑगस्ट २०२५

सोबत :
१) नोंदवहीच्या पानाची प्रत.
२) नाचणीचे पीठ, एक वाटी. आपल्या भेटीच्या दिवशी अपेक्षाने दळलेले. कृपया बोटांत चोळून पाहावे.

ता.क. हा अर्ज जाते कुलपात असताना लिहिला आहे. भाषेत काही कमीजास्त झाले असल्यास कारण तेच समजावे.